‘0600 पुरेसं आहे’ म्हणणाऱ्या प्रतिक्रियेला उत्तर

आपली प्रतिक्रिया वाचली तेव्हा राग आला, म्हणून एक दिवस मध्ये जाऊ दिला. आज पुन्हा वाचली. राग थोडा उतरलाय, पूर्ण नाही.

इतरांसाठी थोडक्यात सांगतो. बूट होताना लिनक्सला पासवर्ड, किल्ल्या आणि सेटिंग कशी पोचवावीत, यावरच्या लेखात मी सिस्टमडीच्या (लिनक्समध्ये सेवा सुरू-बंद करणारा प्रोग्रॅम) ‘क्रेडेन्शियल’ सोयीची, म्हणजे गुपितं सेवेला वेगळ्या फाइलीतून देण्याच्या पद्धतीची, बाजू घेतली होती. आपलं म्हणणं असं: एन्व्हायर्नमेंट फाइलला (सेवेला द्यायची व्हेरिएबल्स, म्हणजे नाव-किंमत अशा जोड्या, जिच्यात लिहितात ती) 0600 परवानगी (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) दिली की काम भागतं, रूटला (मशीनवर सर्वाधिकार असलेल्या युजरला) तसंही सगळं दिसतं, मदरबोर्ड बदलला की टीपीएमने (मशीनमधली किल्ल्या जपणारी चिप) बांधलेलं काही उघडणार नाही, क्लाउड-इनिट (क्लाउडमधलं मशीन सुरू होताना त्याची मांडणी करणारं साधन) असताना हा गुंता कशाला, आणि मी आवृत्तीचा आकडा चुकवला. शेवटचं वाक्य: ‘प्रत्यक्ष सर्व्हर सांभाळलेला माणूस असलं लिहिणार नाही.’

आकडा चुकला, हे खरं. सेवेला क्रेडेन्शियल देणारं लोडक्रेडेन्शियल हे सेटिंग सिस्टमडीच्या 247व्या आवृत्तीत आलं, 2020 साली. एन्क्रिप्ट केलेली क्रेडेन्शियल 250व्या आवृत्तीत, 2021च्या डिसेंबरात. मी दोन्हींना 247 लिहिलं होतं. दुरुस्त केलं आहे, आभार.

आता ते शेवटचं वाक्य. मी चौदा वर्षं सर्व्हर सांभाळतोय. मध्यरात्री फोन वाजला की उठून बसणारा माणूस मीच असतो. लेख पटला नाही तर तसं लिहा, पण लिहिणाऱ्याने आयुष्यात काय केलं आणि काय नाही हे चार परिच्छेद वाचून ठरवण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? मुद्दा मांडायला हे वाक्य लागत नव्हतं. ते टोचायलाच लिहिलंय.

आणि 0600 बद्दल मी बोलतो ते पुस्तक वाचून नाही. पूर्वी एका ठिकाणी काम करत होतो, तिथे डेटाबेसचा पासवर्ड अगदी आपण सांगता तसाच ठेवला होता. फाइल रूटच्या मालकीची, परवानगी 0600. मी स्वतः तपासली होती. एका रात्री वेबची सेवा कोसळली आणि कोसळताना तिने त्रुटीच्या अहवालात सगळी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स ओतली. अहवाल लॉगमध्ये गेला, लॉग मध्यवर्ती सर्व्हरवर गेले, आणि ते वाचायची मुभा निम्म्या ऑफिसला होती. मी खाली सरकवत गेलो आणि मधेच ती ओळ दिसली: डीबी पासवर्ड, बरोबरचं चिन्ह, पुढे पूर्ण पासवर्ड उघडा. पहाटेपर्यंत एकेका सेवेचा पासवर्ड बदलत बसलो होतो. फाइलची परवानगी तेव्हाही 0600च होती.

कारण 0600 फक्त डिस्कवरच्या फाइलचं रक्षण करते. सेवा सुरू होताना सिस्टमडी ती फाइल वाचतं आणि मजकूर प्रोसेसच्या (चालू प्रोग्रॅमच्या) एन्व्हायर्नमेंटमध्ये घालतं. तिथून पुढे परवानगीचा संबंध संपला. ती प्रोसेस जो जो प्रोग्रॅम चालवील, त्याला तो पासवर्ड वारशाने मिळतो, मग त्याला गरज असो वा नसो. चित्र लहान करायला चालवलेल्या प्रोग्रॅमला डेटाबेसचा पासवर्ड कशाला? पण मिळतो. त्याच युजरच्या दुसऱ्या कुठल्याही प्रोसेसला चालू प्रोसेसची माहिती जिथे दिसते त्या /प्रॉक फोल्डरमधली तिची एन्व्हायरॉन फाइल उघडून तो सहसा वाचता येतो. युनिट फाइलमध्ये (सेवा कशी चालवायची हे सिस्टमडीला सांगणाऱ्या फाइलीत) थेट ‘एन्व्हायर्नमेंट=’ लिहिलंत तर ‘सिस्टमसीटीएल शो’ या सेवेची माहिती दाखवणाऱ्या कमांडने साध्या युजरलाही दिसतो. वेगळ्या फाइलीत ठेवला तर तिथे दिसत नाही, एवढं मी मान्य करतो.

क्रेडेन्शियलचं तसं नाही. सेवेला एक फोल्डर मिळतं, /रन/क्रेडेन्शियल्सच्या खाली, तिच्याच नावाचं. ते मेमरीत असतं, स्वॅपमध्ये (मेमरी कमी पडली की वापरायच्या डिस्कवरच्या जागेत) उतरत नाही, आणि रूट सोडला तर ज्या युजरखाली सेवा चालते त्यालाच वाचता येतं. व्हेरिएबलमधून फक्त फोल्डरचा पत्ता जातो, पासवर्ड नाही. अहवालात सगळी व्हेरिएबल्स ओतली गेली तरी बाहेर पडेल तो पत्ताच. सेवा थांबवा आणि तिथे पुन्हा बघा: फोल्डर गेलेलं असतं. त्या रात्री हे असतं तर मी झोपलो असतो.

बूटच्या वेळीही हाच प्रश्न येतो, आणि लेखाचा खरा विषय तोच होता, जो आपण बाजूला टाकलात. कर्नलच्या कमांडलाइनवर (बूट होताना लिनक्सच्या गाभ्याला दिलेल्या सूचनांच्या ओळीत) पासवर्ड लिहिला तर /प्रॉक/सीएमडीलाइन कुणीही वाचू शकतं. व्हर्च्युअल मशीनला तोच एसएमबायोसच्या (मशीनची माहिती बूट होताना ज्यात मिळते त्या तक्त्याच्या) 11व्या प्रकारच्या नोंदीतून दिला, तर सिस्टमडी तो उचलतं आणि ज्या सेवेने मागितला तिलाच पोचवतं. होस्ट (व्हर्च्युअल मशीन ज्यावर चालतं ते खरं मशीन) चालवणाऱ्याला तो दिसतो, हे मी लेखात लिहिलं होतं. वाचलं असतंत तर सापडलं असतं.

‘रूटला सगळं दिसतं.’ हो, चालू मशीनवर दिसतं, आणि त्याविरुद्ध काही दावा मी केलाच नव्हता. मशीन बंद करून डिस्क काढून नेली, किंवा डिस्कची प्रत कुणाच्या हाती लागली, तर टीपीएमने बांधलेली फाइल त्याला उघडता येत नाही. एन्क्रिप्शन त्यासाठी आहे.

मदरबोर्डचं म्हणाल तर मूळ पासवर्ड दुसरीकडे जपून ठेवायचाच असतो, नव्या मशीनवर पुन्हा एन्क्रिप्ट करायचा. यात वाद घालण्यासारखं मला काही दिसत नाही. क्लाउड-इनिट जरूर वापरा, पण 169.254.169.254 या क्लाउडच्या पत्त्यावरून मिळणारा यूजर-डेटा (मशीन सुरू करताना आपण दिलेला मजकूर), वेगळी बंदी घातली नसेल तर, मशीनवरची कुठलीही प्रोसेस मागू शकते. त्यात पासवर्ड ठेवू नका. त्यावर आत्ता याहून जास्त लिहायची माझी इच्छा नाही.

एक करा. ज्या सेवेचा पासवर्ड 0600च्या फाइलीत आहे, तिचा प्रोसेस क्रमांक काढा आणि त्याच सेवेच्या युजरने तिची एन्व्हायरॉन फाइल उघडा. मग काय दिसलं ते इथे लिहा. ती प्रतिक्रियाही मी छापेन.