खुलासा: मूतखडा आणि दूध-दही

‘मूतखडा कॅल्शियमचा असतो, परत नको असेल तर दूध-दही बंद करा’ असा मेसेज फिरतोय. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे (कॅल्शियम आणि ऑक्झलेट, म्हणजे पालकासारख्या भाज्यांतला एक घटक, मिळून झालेले) असतात, इथपर्यंत बरोबर. पण पालकाच्या भाजीसोबत दही खाल्लं, तर दह्यातलं कॅल्शियम पालकातल्या ऑक्झलेटला आतड्यातच धरतं आणि दोन्ही शौचावाटे जातात. दही तोडलं की तेच ऑक्झलेट लघवीत जास्त उतरतं. पाणीही कमी प्यायलात, तर खड्याची सोय झालीच!

इटलीत १२० पुरुषांवर ५ वर्षं अभ्यास झाला, २००२ साली प्रसिद्ध झाला. कमी कॅल्शियमवाल्या ६० पैकी २३ जणांना पुन्हा खडा झाला. कॅल्शियम नेहमीचं, पण मीठ-मांस कमी घेणाऱ्या ६० पैकी १२ जणांना. काही कमी करायचंच तर खारट पापड-लोणचं कमी करा. कॅल्शियमच्या गोळ्यांचं मात्र डॉक्टरांना विचारा.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.