कारखान्यातला नीलम आणि अस्सल साडेसाती

नाशकात बोटात नीलम घालून फिरायचं तर आधी घरच्यांची, मग शेजारच्यांची आणि सर्वांत शेवटी शनीची परवानगी लागते. त्यातल्या त्यात शनीचं बरं. तो निदान घरी येऊन प्रश्न विचारत नाही.

मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. रंगीत खड्यांचं वेड लहानपणापासूनचं आणि पगार मास्तरणीचा. या दोघांचं लग्न लावून दिलं ते प्रयोगशाळेत तयार होणाऱ्या खड्यांनी. माणिक, नीलम, पाचू, सगळं मिळतं. पदार्थ तोच, कठीणपणा तोच, चमक तीच; फक्त जन्म खाणीऐवजी भट्टीत झालेला. रंगीत काच वेगळी. अमेरिकन डायमंडही वेगळा, तो हिऱ्यासारखा दिसणारा दुसराच पदार्थ. पण माझा नीलम हा नीलमच आहे. हे मी वर्गात शिकवल्यासारखं सावकाश, उदाहरणांसकट समजावते. समोरचा शेवटपर्यंत मान डोलावतो आणि मग विचारतो, "म्हणजे खोटाच ना?"

खरेदीला सराफ बाजारात गेले तेव्हा भर पावसाळा होता. गोदावरीला पूर आला की सगळं नाशिक दुतोंड्या मारुतीकडे बघतं आणि पाणी त्याच्या कमरेवर चढायला लागलं की सराफ बाजारातली मंडळी माल वर हलवायला लागतात. त्यामुळे आमच्या सराफांचा एक डोळा माझ्यावर आणि एक नदीवर. अशा वेळी गिऱ्हाइकाने झटपट खरेदी करावी ही त्यांची रास्त अपेक्षा. पण मला खडा उजेडात बघायचा होता. पेढीवरच्या पिवळ्या दिव्यांखाली माणिक असं पेटतं की बास, आणि त्याच दिव्यांखाली गडद नीलम शाईच्या डागासारखा काळा दिसतो. म्हणून मी प्रत्येक खडा घेऊन दारात जायचे. माझ्यामागे पेढीवरचा पोऱ्या. मी खड्याकडे बघतेय, पोऱ्या माझ्या पायांकडे. मी पळाले तर कुठल्या दिशेने पळेन याचा तो अंदाज घेत असावा.

शेवटी एक मध्यम निळा खडा पसंत पडला. सराफांनी भिंग लावलं, बराच वेळ बघितलं आणि चेहरा पाडला.

"ताई, यात काहीच नाही हो."

"काही नाही म्हणजे?"

"डाग नाही, रेघ नाही. एकदम स्वच्छ."

"मग चांगलंच की!"

"कसलं चांगलं? खाणीतला असता तर आत काहीतरी निघालं असतं."

ही रत्नांची दुनिया मला अजून उमगलेली नाही. मुलगी दाखवताना जे सगळं झाकतात, ते इथे असलं की भाव चढतो. भट्टीतल्या खड्यातही नीट शोधल्या तर रेघा सापडतात, पण त्या वक्र असतात. खाणीतल्या खड्यातल्या वाढीच्या रेघा सरळ. हे मी सराफांना उत्साहाने सांगितलं. त्यांनी नदीकडे बघितलं. बिल केलं तेव्हा त्यांचा चेहरा आणखी उतरला, कारण खड्यापेक्षा सोनं आणि घडणावळच कितीतरी जास्त झाली होती.

घरी पहिली हजेरी अण्णांपुढे. अण्णा म्हणजे माझे सासरे. अंगठी त्यांनी हातात घेतली, चष्मा कपाळावर सरकवला, आणि म्हणाले, "कारखान्यातला ना? रत्न म्हणजे कसं, आपल्या त्र्यंबकेश्वराच्या हिऱ्यासारखं पाहिजे. जगात नाव आहे त्याचं, नासक डायमंड. १८१८ साली इंग्रजांनी नेला."

"खरा होता म्हणून नेला ना, अण्णा. कारखान्यातला असता तर आजही महादेवापाशीच असता."

अण्णांना विनोद कळतो, पण सुनेने केलेला कळायला थोडा वेळ लागतो. तेवढ्यात मी मुद्दा पुढे रेटला. त्यांना सांगितलं की ऑग्युस्त व्हेर्नई नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९०२ साली कृत्रिम माणकाची कृती जाहीर केली. अॅल्युमिनियम ऑक्साइडची बारीक भुकटी चाळणीतून पिठी पडावी तशी दोन हजार अंशांवरच्या ज्वाळेतून खाली सोडायची. ती वितळते, खाली थेंबाथेंबाने साठते आणि काही तासांत स्फटिक तयार. चिमूटभर क्रोमियम घातलं तर माणिक, लोह आणि टायटॅनियम घातलं तर नीलम.

"काही तासांत?" अण्णा म्हणाले. "आणि जमिनीत?"

"लाखो वर्षं."

"मग! त्या लाखो वर्षांचे पैसे असतात."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी त्यांच्या मनगटाकडे बोट दाखवलं. अण्णांचं एचएमटीचं चावीचं घड्याळ हा आमच्या घरातला पूज्य विषय आहे. त्याच्या तबकडीवर '१७ ज्वेल्स' असं लिहिलंय आणि ही सतरा माणकं आहेत हे ते आल्यागेल्याला सांगत आलेत. "अण्णा, ती सतराही भट्टीतलीच. चाकांच्या आसांना झीज लागू नये म्हणून बसवतात. व्हेर्नईच्या कृपेनेच स्वस्त झाली."

अण्णांनी घड्याळ कानाला लावलं. चालू होतं. मग ते मला काहीच न बोलता आत निघून गेले. त्या रात्रीची भाजी खारट झाल्याचं मात्र त्यांनी आवर्जून सांगितलं.

खरा सामना पंचवटीच्या आत्याबाईंशी. त्यांना खडा खाणीतला की भट्टीतला याच्याशी सुरुवातीला काही देणंघेणं नव्हतं. "नीलम घातलास? पत्रिका दाखवलीस? उशाखाली ठेवून झोपलीस का आधी? स्वप्नं कशी पडली?"

स्वप्नात बारावीचे पेपर तपासत होते असं मी सांगितलं. आत्याबाईंनी ते अशुभात धरलं. मग मी माझं नेहमीचं अस्त्र काढलं: "आत्याबाई, हा कारखान्यातला आहे. शनीचा याच्याशी संबंध नाही."

"म्हणजे याने फायदा होणार नाही."

"नाही."

"पण त्रास होऊ शकतो."

"अहो, फायदा होणार नसेल तर त्रास तरी कसा होईल?"

"त्रासाला खरंखोटं लागत नाही," आत्याबाई म्हणाल्या. तीस मुलांचे वर्ग गप्प करणारी मी, गप्प बसले. मग जरा सावरून म्हटलं की दोघांची रासायनिक रचना एकच आहे, शनीला तरी फरक कसा कळणार? "त्याला भिंग लागत नाही," इति आत्याबाई. शेवटचा प्रयत्न म्हणून मी सांगितलं की २०२३ च्या जूनमध्ये आपल्या पंतप्रधानांनी अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्नीला दिलेला ७.५ कॅरटचा हिरासुद्धा प्रयोगशाळेतलाच होता. आत्याबाई म्हणाल्या, "ती तिकडे राहते. तुला इथे राहायचंय."

नीलमाने एवढं झाल्यावर मी गप्प बसायला हवं होतं म्हणे. पण पुढे भाच्याचं लग्न आलं आणि माझ्या हिरव्या येवल्याच्या पैठणीला लाल पदर. दोन्ही रंगांना चालतील म्हणून मी उजेडाप्रमाणे रंग बदलणाऱ्या खड्यांच्या कुड्या घेतल्या. असं रंग बदलणारं रत्न म्हणजे अलेक्झांड्राइट. त्या नावाने बाजारात जे स्वस्तात मिळतं, ते बहुतेकदा व्हॅनेडियम घातलेलं कुरुंद असतं, म्हणजे माणिक-नीलम ज्याचे असतात तोच पदार्थ. माझ्या कुड्यांत मात्र भट्टीतलं खरं अलेक्झांड्राइट होतं: दिवसा निळसर हिरवं, जुन्या पिवळ्या बल्बखाली जांभळट लाल. सकाळी मुहूर्ताला खडे हिरवे. गंगापूर रोडच्या लॉन्सवर रात्री दिव्यांच्या माळा लागल्या, तर लाल. तेवढ्यात एक मामेसासूबाई जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "दोन जोड केलेस? पगारवाढ झाली वाटतं!" आणि स्टेजवर पांढऱ्या एलईडीखाली फोटो काढायला गेले तेव्हा खड्यांना काही ठरवताच येईना, ते मातकट जांभळे होऊन बसले. अल्बममध्ये मी तीन निरनिराळ्या कुड्या घातलेली बाई दिसते. शिवाय खडा धरून ठेवणाऱ्या बारीक नखांत पैठणीची जर अडकली ती वेगळीच. ती सोडवायला दोघीजणी लागल्या आणि तेवढ्या वेळात जेवणाची पहिली पंगत उठली.

निगा राखायची म्हणजे तर रोजचा छळ. कुरुंदाचा कठीणपणा दहापैकी ९, म्हणजे हिऱ्याच्या खालोखाल. त्याला सहसा काही होत नाही. होतं ते त्याच्या शेजाऱ्यांना. सासूबाईंच्या नथीचा मोती अडीच ते साडेचारच्या मधला, त्यामुळे अंगठी त्याच डबीत टाकली की मोत्याचं वाटोळं. म्हणून माझ्या कपाटात आता प्रत्येक दागिन्याला स्वतंत्र कापडी पुरचुंडी आहे आणि कुठल्या पुरचुंडीत काय आहे हे माझं मलाच माहीत नाही. कणीक मळताना कोंदणाच्या मागे पीठ बसतं, हळदीकुंकवाला गेलं की त्यात हळद. मग कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश. एवढंच पुरतं, पण आमच्याकडे एवढ्यावर कुणाचं भागत नाही. कुणी टूथपेस्ट सुचवतं, कुणी रांगोळी. अत्तराचं एक बरं: ते आधी लावायचं आणि दागिना सगळ्यांत शेवटी घालायचा. पण निघायला उशीर झालेला असताना हा क्रम पाळून दाखवणाऱ्या बाईला माझा नमस्कार.

परवा आत्याबाईंचा फोन आला. आधी शनीची चौकशी झाली. काही त्रास नाही म्हटल्यावर जरा हिरमुसल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "ते तुझं कारखान्यातलं, माणिक कितीला पडेल?"

मी किंमत सांगितली. पलीकडे शांतता.

"सूनबाईला दिवाळीला द्यायचं म्हणतेय. पण एक काम कर. तिला खरं आहे म्हणून सांगायचं."

"आत्याबाई, ते खरंच आहे!"

"हां, अगदी असंच. हाच आवाज लाव."