सूज खरी, यादी चुकीची

गेल्या काही महिन्यांत आमच्या तालुक्यातल्या गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचा मजकूर थोडक्यात असा: शुगर, बीपी, हार्ट, सांधेदुखी, कॅन्सर या सगळ्यांचं मूळ एकच, शरीरातली आतली सूज. ही सूज गव्हाने, दुधाने, रिफाइंड तेलाने आणि वांगी-टमाट्याने येते. आपले आजोबा ज्वारी आणि घाण्याचं करडई तेल खायचे, म्हणून त्यांना हे रोग नव्हते. या चार गोष्टी सोडा, रोज सकाळी कोमट पाण्यात हळद घ्या, २१ दिवसांत सूज उतरेल आणि गोळ्या कायमच्या बंद.

माझं औषधाचं दुकान आहे. मेसेज आला की त्याचा परिणाम काउंटरवर दिसतो. "हे गोळ्यांचे पत्ते वापस घ्या जी, आता मले गरज नाई. हयद सुरू केली, सूज उतरून रायली," असं सांगणारे येतात. त्यातले काही बीपीचे जुने पेशंट आहेत. म्हणून हे उत्तर जरा सविस्तर लिहितो.

"सगळ्या रोगांचं मूळ एकच, सूज"

यातलं अर्धं खरं आहे, आणि म्हणूनच मेसेज पटतो. पायात काटा रुतला की जागा लाल होते, ठणकते, गरम लागते. हे शरीराचं संरक्षण आहे आणि काम झालं की ते थांबतं. पण हीच यंत्रणा कधी कधी मंद आचेवर वर्षानुवर्षं चालू राहते. बाहेरून काही दिसत नाही. पोटातली, आतड्यांभोवतीची चरबी नुसती पडून नसते, ती असे रासायनिक संदेश सोडते की इन्सुलिनचं काम अडतं. १९९३ साली लठ्ठ उंदरांच्या चरबीत यातला एक संदेशवाहक सापडला आणि तिथून या संशोधनाने वेग घेतला. हृदयाबद्दल तर थेट पुरावा आहे. २०१७ साली हार्ट अटॅक येऊन गेलेल्या सुमारे दहा हजार लोकांवरच्या चाचणीचा निकाल आला. कोलेस्टेरॉलला हात न लावता फक्त सूज कमी करणारं इंजेक्शन दिलं, तर मधल्या डोसला पुढचे अटॅक, लकवे आणि हृदयविकाराचे मृत्यू मिळून १५ टक्क्यांनी घटले.

पण त्याच चाचणीत जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू वाढले. सूज ही शरीराची पहारेकरीण आहे, तिला सरसकट झोपवून चालत नाही. शिवाय १५ टक्के म्हणजे १०० टक्के नव्हे. उरलेल्यात कोलेस्टेरॉल आहे, रक्ताचा दाब आहे, तंबाखू आहे, मीठ आहे, आनुवंशिकता आहे. अनेक कारणांपैकी एक कारण, इतकंच म्हणता येतं.

इथे आपल्या भागापुरता एक वेगळा धोकाही आहे. मेसेज वाचून माणूस पायावरची दिसणारी सूजसुद्धा याच खात्यात टाकतो. पूर्व विदर्भात हत्तीपाय अजून आहे, म्हणून तर सरकारी माणसं घरोघर गोळ्या खाऊ घालायला येतात. लहान बाळाचे हातपाय सुजून ते रडत असेल तर सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असू शकतो. म्हाताऱ्या माणसाचे दोन्ही पाय सुजत असतील तर हृदय किंवा किडनी तपासावी लागते. यातल्या एकाही सुजेला गहू सोडणं हा उपाय नाही. आणि सिकलसेलचा विषय निघालाच आहे तर सांगतो: अशा पेशंटच्या लाल पेशी लवकर मरतात, त्यामुळे तीन महिन्यांची शुगर सांगणारी एचबीए१सी चाचणी फसवा आकडा देऊ शकते. डॉक्टरांना आधी सिकलसेलचं सांगा.

"गहू आणि दूध बंद करा"

सीलिॲक नावाचा आजार आहे. त्यात गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला खरोखर इजा होते. मूल वाढत नाही, हगवण लांबते, रक्त वाढता वाढत नाही. अशी शंका असेल तर रक्ततपासणी गहू चालू असतानाच करायची; आधी गहू सोडला तर तपासणी खोटी नॉर्मल येऊ शकते. मेसेज नेमकं उलटं करायला लावतो.

बाकीच्यांसाठी चक्कीवर दळलेली, कोंडा न चाळलेली कणीक सूज वाढवते असा पुरावा नाही. सबंध धान्य खाणाऱ्यांत सुजेचे निर्देशांक, म्हणजे रक्ततपासणीत दिसणाऱ्या सुजेच्या खुणा, कमीच दिसतात. ब्रेड, टोस्ट, खारी, बिस्किटं हा वेगळा प्रकार. तिथे कोंडा गेलेला मैदा, साखर आणि स्वस्त चरबी असते. चहाबरोबर बिस्किटांचा पुडा संपवणारा जर "मी गहू सोडला" म्हणत पोळी टाळत असेल तर त्याने चुकीची वस्तू सोडली.

आणि गहू सोडून खायचं काय? ज्वारी उत्तम आहे, त्यात वाद नाही. पण ज्वारी आपल्या वावरातून का गेली ते शहरात बसून मेसेज लिहिणाऱ्याला ठाऊक नसावं. सोयाबीन आलं, कापूस होताच. ज्वारी पेरली तर दाणा भरता भरता पाखरं, रानडुकरं आणि रोही हजर. कापायला, खुडायला मजूर नाहीत. इकडे रेशनवर गहू-तांदूळ जानेवारी २०२३ पासून फुकट. ज्याच्या घरी रेशनच्या गव्हावर महिना निघतो त्याला "गहू विष आहे" सांगणं मला माजोरडेपणाचं वाटतं. आठवड्यातून चार वेळा भाकर जमली तर करा. नाही जमली तर पोळीसोबत वरण घट्ट करा, पालेभाजी, बरबटी, मटकी वाढवा. धान्या-डाळींतला चोथा मोठ्या आतड्यातले जंतू आंबवतात, त्यातून तयार होणारी आम्लं आतड्याचं अस्तर धड ठेवतात आणि तिथल्या पेशींना शांत करतात. हे काम तुरीची डाळही करते.

दुधाचं थोडक्यात: पचत असेल तर प्या. दुधाने सूज वाढते असं अभ्यासांत दिसत नाही.

"रिफाइंड तेल सूज आणतं, घाण्याचं तेल उतरवतं"

मेसेजमधला सगळ्यात शास्त्रीय वाटणारा मुद्दा हाच. सोयाबीन आणि सरकीच्या तेलात ओमेगा-६ म्हणजे लिनोलेइक आम्ल जास्त, त्यातून सूज आणणारी द्रव्यं बनतात, असा दावा. कागदावर ही साखळी बरोबर दिसते. प्रत्यक्षात माणसांना लिनोलेइक आम्ल जास्त देऊन पाहिलं तेव्हा रक्तातले सुजेचे निर्देशांक वाढले नाहीत. मोठ्या पाहण्यांत ते जास्त खाणाऱ्यांना हृदयविकार थोडा कमीच दिसला.

आणि गंमत पाहा. मेसेज ज्या आजोबांच्या करडई तेलाचं कौतुक करतो त्यात लिनोलेइक आम्ल साधारण ७० ते ७५ टक्के असतं. सोयाबीन तेलात ५० ते ५५ टक्के. म्हणजे ओमेगा-६ हाच गुन्हा असेल तर आजोबाच मोठे गुन्हेगार ठरतात.

सरकीच्या बाबतीत तर घाण्याचा आग्रह सरळ घातक आहे. सरकीत गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं आणि ते रिफाइन करतानाच निघतं. चीनच्या काही गावांत कच्चं सरकी तेल खाण्यात आल्याने पुरुषांना मूल होईना, आणि कारण शोधता शोधता गॉसिपॉल सापडलं. आपण कापसाच्या मुलखात राहतो. ओळखीच्या घाण्यावरून कच्चं सरकी तेल आणण्याचा मोह कुणाला होत असेल तर त्याने तो सोडावा.

तेलाच्या बाबतीत खरे दोषी दोन. एक, वनस्पती तुपातली ट्रान्स चरबी. ती सूज वाढवते आणि कोलेस्टेरॉलही बिघडवते. जानेवारी २०२२ पासून तेला-तुपात तिची मर्यादा २ टक्के आहे. दोन, बाजाराच्या दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंत त्याच कढईत उकळणारं भज्या-समोशाचं काळं तेल. आणि मग प्रमाण. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात माणशी दिवसाला सुमारे २७ ग्रॅम तेल-तूप धरलं आहे, म्हणजे चार जणांच्या घराला महिन्याला सव्वातीन किलोच्या आसपास. आपल्या तर्रीच्या हिशेबात ते बसतं का, हे ज्याने त्याने डबा मोजून पाहावं. मी मोजला, आणि बायकोने विषय बदलला.

जवसाचं मात्र मेसेजने नीट सांगितलं असतं तर बरं झालं असतं. जवसाच्या दाण्यात ओमेगा-३ चा एक प्रकार साधारण २२ टक्के असतो. दोन चमचे, म्हणजे दहाएक ग्रॅम जवसात दोन ग्रॅम. शरीर त्यातला थोडाच भाग माशातल्या ओमेगा-३ मध्ये बदलू शकतं, त्यामुळे चमत्कार नको, पण स्वस्तात इतकं मिळतं हेही कमी नाही. अख्खे दाणे तसेच बाहेर पडतात. भाजून, कुटून चटणीच करावी, जशी घरोघरी करतात. मीठ बेताने.

"वांगी, टमाटे, बटाटे, मिरची सांधे सुजवतात"

लग्नातलं रोडगे आणि वांग्याचं जेवण ज्याने कधी जेवलं नाही त्यानेच हे लिहिलं असणार. या कुळातल्या भाज्यांनी सांधे सुजतात याला धड पुरावा नाही. कुणाला वांगं खाल्लं की खाज येते, त्याने खाऊ नये. विषय संपला.

"आजोबांना शुगर नव्हती"

आजोबांची शुगर तपासली कुणी? स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात जन्मलेल्या माणसाचं सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं. बाळं दगावायची, पटकी, हिवताप, क्षय माणसं न्यायचे. शुगर-बीपी चाळिशी-पन्नाशीत दिसायचे रोग. तिथवर पोचलेला म्हातारा "वारं गेलं अंगावरून" म्हणून खाटेवर पडला की त्याला लकवा म्हणत. बीपी म्हणत नसत.

आजोबा दिवसभर वखरामागे चालायचे आणि गोड सणालाच खायचे, हे खरं. पण त्यांच्या उपासमारीचा हिशेबही आपल्या अंगावर आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं मोजली. वजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या बाळांचं ३.५ किलो. पण या बारीक बाळांत स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने टिकून होती. आईच्या पोटात कुपोषण, आणि जन्मापासून शुगरकडे झुकलेलं शरीर. म्हणून आपल्याकडे काटकुळ्या माणसालाही शुगर निघते आणि तो म्हणतो, "मी त लठ्ठ नाई, मले काऊन?" त्याचं उत्तर ज्वारी-गव्हात सापडणार नाही. सुनेच्या गरोदरपणातल्या ताटात सापडेल.

"रोज सकाळी हळद"

वायगावची हळद आपल्याच वर्धा जिल्ह्यातली, जीआय मानांकन मिळालेली. तिच्याबद्दल वाकडं बोलायची माझी इच्छा नाही. पण सामान्य हळदीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के. एक चमचा, म्हणजे तीन ग्रॅम हळदीत ९० मिलिग्रॅम, आणि त्यातलंही फार थोडं रक्तात पोचतं. चाचण्यांत ५०० ते १५०० मिलिग्रॅम वेगळं काढलेलं कर्क्युमिन देतात, तरी फायदा बेताचाच दिसतो. भाजीत घाला, दुधात घाला. मात्र "जास्त ताकदीच्या" कर्क्युमिन कॅप्सूल स्वतःच्या मनाने घेऊ नका. मिऱ्याचा अर्क मिसळला की त्या जास्त शोषल्या जातात, आणि अशा कॅप्सूलमुळे लिव्हरला सूज आल्याच्या नोंदी अमेरिका आणि इटलीत झालेल्या आहेत. या कॅप्सूल माझ्या दुकानातही मिळतात, हे सांगूनच बोलतोय.

मेसेजमध्ये जे नाहीच

इतक्या लांब मेसेजमध्ये खर्ऱ्याचा एक शब्द नाही. तंबाखू, सुपारी, चुना पन्नीत घोटून दिवसभर गालात धरायचा आणि वांग्याने सूज येते का ते विचारायचं! ही सूज तर डोळ्यांनी दिसते. सुपारीने तोंडाच्या आतली त्वचा वारंवार सुजते, मग घट्ट होते, आणि एक दिवस तोंडात दोन बोटं जात नाहीत. त्यातून पुढे कॅन्सरची वाट मोकळी होते. गुटखाबंदी २०१२ पासून आहे, खर्रा पानठेल्यावर आहेच. हिरड्यांची जुनाट सूज रक्तातले निर्देशांक वाढवते. दातांचा उपचार केला तर शुगरही थोडी उतरते. चुलीचा धूर, जागरण, पोटाचा घेर, हेही मेसेजमध्ये नाही. यातलं काही सोडायला लावलं तर मेसेज कोण पुढे पाठवणार?

"२१ दिवसांत गोळ्या बंद"

इथे मी मवाळ बोलणार नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने २०११ ते २०१३ दरम्यान ८६ गावांतले मृत्यू तपासले. सगळ्यात जास्त मृत्यू लकव्याने झाले होते, १४.३ टक्के, म्हणजे सातातला एक. ही गावं पिझ्झा खाणारी नव्हेत. लकव्याचं सर्वात मोठं कारण चढलेला बीपी, आणि तो दुखत नाही, खुपत नाही.

आहाराने शुगर मागे हटते, हेही खरं. ब्रिटनमधल्या एका चाचणीत दिवसाला साडेआठशेच्या आसपास कॅलरी देऊन तीन ते पाच महिने चालवलं, आणि वर्षाअखेर ४६ टक्के लोक गोळ्यांशिवाय नॉर्मल शुगरवर आले. पण ती वजनदार माणसं होती, आजार सहा वर्षांच्या आतला होता, इन्सुलिन चालू नव्हतं, आणि गोळ्या डॉक्टरांनी थांबवल्या होत्या. फायदा आला तो वजन उतरल्याने. पन्नास किलोच्या माणसाने हे करू नये.

आणखी एक विसंगती. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी सुजेचा निर्देशांक, सीआरपी, उतरवते. २००८ च्या एका मोठ्या चाचणीत तो ३७ टक्क्यांनी उतरला. म्हणजे सूज उतरवायला सांगणारा मेसेज सूज उतरवणारी गोळीच फेकायला सांगतो.

ज्यांनी गोळ्या आधीच सोडल्या आहेत त्यांच्यासाठी: उपकेंद्रात बीपी आणि शुगर फुकट तपासतात, उद्याच जा, जुने पत्ते सोबत न्या. राहिलेल्या गोळ्या एकदम घेऊन भरपाई करू नका. पत्त्यावर ॲटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल लिहिलं असेल तर उद्यापर्यंतही थांबू नका. ही औषधं अचानक बंद केली की नाडी आणि बीपी उसळतात आणि छातीत दुखू शकतं. छातीत दुखतच असेल तर उपकेंद्र नाही, १०८.