ती बोलत नाही, असे आपण म्हणतो

यवतमाळ जिल्ह्यातील एका लहान गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत मी पहिली-दुसरीचा वर्ग घेतो. जूनअखेरीस शाळा उघडली, तेव्हा पहिलीत आलेली एक मुलगी नाव पुकारल्यावर 'हजर' म्हणत नसे. मान खाली, ओठ घट्ट आणि दोन्ही मुठी फ्रॉकच्या घेरात. ऑगस्ट लागला तरी तेच. एकदा मी चिडून सांगितले की, तोंडाने 'हजर' म्हणशील तेव्हाच हजेरी लागेल. त्याच दुपारी, लघवीला जाऊ का एवढे विचारता न आल्यामुळे, ती बसल्या जागी ओली झाली. हा हट्ट असता, तर निदान एवढ्यापुरते तरी ती बोलली असती.

संध्याकाळी तिच्या घरी गेलो. आई म्हणाली, "सर, घरी तं इचं तोंड बंद रायत नाई," आणि मोबाइलवरचा एक व्हिडिओ दाखवला. अंगणातल्या खाटेवर उभी राहून मुलगी कोंबड्यांची हजेरी घेत होती, हुबेहूब माझ्या आवाजात, आणि 'हजर' न म्हणणाऱ्या कोंबडीला दम देत होती. आजीने वेखंड उगाळून चाटवून पाहिले होते; पोपटाने उष्टावलेला पेरूही खाऊ घातला होता. मला हसू आले नाही, कारण माझा उपाय त्याहून वाईट होता.

मौनाला हट्ट समजण्याची ही चूक गावाचीच आहे असे नाही. १८७७ मध्ये जर्मन वैद्य आडोल्फ कुसमाउल यांनी, घरी बोलणारे मूल बाहेर गप्प होते, या अवस्थेला दिलेल्या नावाचा अर्थच 'स्वेच्छेने गेलेली वाचा' असा होता, आणि १९३४ मध्ये स्विस मनोविकारतज्ज्ञ मोरित्स ट्रामर यांनी वापरलेल्या 'इलेक्टिव्ह' या शब्दातही, मूल मौन निवडते, हाच समज होता. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेने १९९४ मध्ये तो शब्द काढून 'सिलेक्टिव्ह म्युटिझम' (ठरावीक ठिकाणीच येणारे मौन) असे नाव घेतले. २०१३ च्या आवृत्तीत ही अवस्था चिंताविकारांत मोजली गेली. म्हणजे घरात सुटणारी जीभ वर्गात भीतीने आवळली जाते, आणि आपण जितक्या वेळा 'बोल ना' म्हणतो तितकी ती भीती वाढते.

अर्थात प्रत्येक गप्प मूल यात मोडत नाही. लक्षणे किमान महिनाभर टिकावी लागतात, आणि त्यात शाळेचा पहिला महिना धरत नाहीत. ऐकू न येणे आधी तपासावे लागते. शाळेत वर्षातून एकदा येणाऱ्या बालआरोग्य पथकाला हे स्पष्टपणे सांगावे. शिवाय घरी कोलामी किंवा गोरमाटी बोलणारे मूल पुस्तकी मराठीपुढे गप्प बसले, तर तो आजार नसून भाषेचे अंतर आहे. (वऱ्हाडी मुलाला 'मले' नव्हे 'मला' म्हण, असे चारचौघांत टोकणारे आम्हीही त्या अंतरात भर घालतो.)

आमच्या मुलीचे कान ठीक निघाले. डॉक्टरांच्या सल्ल्याने मी तिला प्रश्न विचारणे बंद केले. टेबलावर लाल खडू ठेवला; तो उचलला की लघवीला जायचे, विचारायचे नाही. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात आई तिच्याशी बोलत बसे आणि मी व्हरांड्यात वह्या तपासत असे. पुढे मी दारात, मग फळ्यापाशी. आई रोजमजुरी सोडून अर्धा तास येई, ही सर्वांत महाग गोष्ट होती आणि तिचा हिशेब कुठल्याही योजनेत नाही. तान्ह्या पोळ्याला तिने मैत्रिणीच्या कानात काहीतरी सांगितले, तेव्हा एका सहकाऱ्याने 'अरे, बोलली!' म्हणून टाळ्या वाजवल्या, आणि पुढचे दोन आठवडे ती कुणाच्याच कानाशी गेली नाही.

दिवाळीनंतर हजेरीची एक पद्धत पडली आहे. मी नाव पुकारतो, ती शेजारणीच्या कानाशी वाकते आणि शेजारीण मोठ्याने सांगते, "सर, ते हजर म्हनते." मी मान वर न करता हजेरी मांडतो.