कोनान अजून पहिलीतच

ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन, बघताना चुका पकडणाऱ्यांची दोन कुळं आहेत. एक जण फ्रेम थांबवून शर्टाची बटणं मोजतो. दुसरा जपानीच्या क्लासला जाऊन बिघडलेला, 'हे वाक्य व्याकरणात बसत नाही' म्हणून कुरकुरतो. माझी दोन्हीकडे ऊठबस आहे. तरी सांगतो, बटणवाले बऱ्याचदा बरोबर असतात, व्याकरणवाले क्वचितच.

बटणांचं कारण साधं आहे. टीव्हीच्या एका भागात साधारण ३०० कट, म्हणजे छोटे शॉट, असतात आणि ते वेगवेगळ्या चित्रकारांकडे वाटले जातात. एकाने कप डाव्या हातात दिला, दुसऱ्याने उजव्या. पुढे ब्ल्यू-रे डिस्क काढताना यातलं बरंच गुपचूप दुरुस्त होतं. विषय संपला.

काळाचा घोळ जास्त मजेशीर. 'डिटेक्टिव्ह कोनान' टीव्हीवर जानेवारी १९९६मध्ये आलं. अकरावीतला हुशार गुप्तहेर कुदो शिनइची विषामुळे लहान होतो आणि कोनान बनून पहिलीत जाऊन बसतो. मार्च २०२१मध्ये हजारावा भाग झाला, पोरगं पहिलीतच! सुरुवातीला तो सार्वजनिक फोनवरून, बो-टायमधल्या यंत्राने शिनइचीचा आवाज काढून मैत्रीण रान हिला गंडवायचा. आता हातात स्मार्टफोन आहे आणि कथेत म्हणे अजून वर्षही उलटलेलं नाही. जपानी प्रेक्षक यावर भांडत नाहीत. १९६९पासून चालू असलेल्या 'साझाए-सान' या कौटुंबिक मालिकेतही कुणाचं वय वाढत नाही, म्हणून अशा गोठलेल्या काळाला तिथे 'साझाए-सान'चंच नाव दिलंय.

आता व्याकरण. याच मालिकेतले प्रोफेसर आगासा 'मी'ऐवजी म्हाताऱ्यांचा 'वाशी' म्हणतात, वाक्याच्या शेवटी 'आहे'च्या जागी जुन्या वळणाचा 'जा' लावतात. ऐंशीचे आजोबा वाटावेत असं बोलणं, आणि वय किती? ५२. टोकियोतला बावन्न वर्षांचा खराखुरा माणूस असं बोलत नाही. मग चूक? छे. भाषाशास्त्रज्ञ किनसुइ सातोशी यांनी अशा बोलण्याला 'याकुवारिगो' म्हटलं, म्हणजे भूमिकेची भाषा. २००३मध्ये त्यांचं यावर पुस्तकही आलं. त्यांच्या मांडणीनुसार एदोत, म्हणजे जुन्या टोकियोत, तरुण मंडळी स्थानिक बोलीकडे वळली, तरी वयस्क वैद्य आणि पंडित क्योतो-ओसाकाकडचं वळण धरून राहिले. नाटकांनी, कथांनी ते उचललं. ती माणसं गेली, 'जा' मात्र नाटकातल्या चिकटवलेल्या पांढऱ्या दाढीसारखा राहिला. आगासांनी तो तोंड उघडताच आपण ओळखतो की हे विद्वान, जरा विक्षिप्त, आपल्या बाजूचे.

कोनानची तर सगळी फसवणूकच सर्वनामावर उभी आहे, कारण जपानीत 'मी'साठी अनेक शब्द आहेत. मोठ्यांसमोर लाडिक 'बोकु', स्वतःशी बोलताना शिनइचीचा रांगडा 'ओरे'. २०१६च्या 'किमी नो ना वा' या चित्रपटात याचा कळस आहे. त्यात टोकियोतला ताकी आणि खेड्यातली मित्सुहा यांची शरीरं अदलाबदल होतात. ताकीच्या शरीरात शिरलेली मित्सुहा त्याच्या मित्रांसमोर 'वाताशी' म्हणते, जे पोरांच्या गप्पांत बायकी वाटतं. ते बघतच राहतात. मग फारच औपचारिक 'वाताकुशी', मग 'बोकु'; शेवटी 'ओरे'वर माना डोलतात. हुश्श म्हणावं तोच तिची डोंगराकडची बोली बाहेर पडते आणि मित्र विचारतो, तुझा हेल का बदललाय? मराठीत हा प्रसंग लिहायचा तर 'मी' काही कामाचा नाही, तो सगळ्यांचाच. पण 'मी वाट चुकले' म्हणताच ती पकडली गेली असती. जपानी क्रियापदाला लिंग नाही, म्हणून तिला चार चार संधी मिळतात. इंग्रजी सबटायटलवाल्याची इथे खरंच दया येते, त्याच्याकडे एकटा 'आय'.

म्हणून 'ॲनिमेतलं जपानी चुकीचं असतं, त्यावरून शिकू नका' हा सल्ला मला अर्धाच पटतो. ऑफिसात 'ओरे' म्हणू नका, एवढं ठीक. पण ज्याला चूक म्हणतात त्यातलं पुष्कळसं रोजचं जपानी असतं. पात्रं सर्रास 'ताबेरारेरू'तला (म्हणजे 'खाता येतं') 'रा' गाळून 'ताबेरेरू' म्हणतात. जपानच्या सांस्कृतिक खात्याच्या २०१५-१६च्या पाहणीत 'मिरारेता'पेक्षा ('बघता आलं') रा गाळलेलं 'मिरेता' म्हणणारे पहिल्यांदाच जास्त निघाले, ४४.६ टक्क्यांसमोर ४८.४ टक्के! तरी तिकडच्या टीव्हीवर मुलाखतीत माणूस 'ताबेरेरू' म्हणतो आणि खाली पट्टीवर 'रा' निमूट परत बसवलेला असतो. पॉज करून पकडायचंच असेल तर बटणं सोडा, हे पकडा. आणि डिसेंबरात जेएलपीटीला, म्हणजे जपानी भाषेच्या परीक्षेला, बसणाऱ्यांनो, पेपरात 'रा' असलेलाच पर्याय निवडा.