फोटोत मी कुठंय?

"वहिनी, तुम्हीच काढा ना, तुम्हाला छान जमतं!" झालं. सासरचा अख्खा गोतावळा रांगेत आणि मी कॅमेऱ्यामागे. इतकी वर्षं हेच. बरं, उभं तरी राहावं नीट! मागची रांग धूसर येऊ नये म्हणून मी ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, बारीक करून एफ/८ वर नेते, उजेड कमी पडला की आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची संवेदनशीलता, वाढवते. तेवढ्यात एक काका मोबाइल कानाला लावून चालू पडतात. मोठ्या आत्या हटकून कडेलाच. वाइड लेन्सने कडेची माणसं ताणली जातात, हे सांगून माझी जीभ झिजली. मग फोटो बघून, "मला एवढं जाड का दाखवलंस?" मी दाखवलं?

व्हॉट्सॲपवर नेहमीसारखे टाकले की फोटोंचा पार चोथा होतो, म्हणून डॉक्युमेंट करून पाठवते. तर, "उघडत नाही गं, साधे पाठव." आणि त्या साध्याचीच भिंतभर प्रिंट काढून वर मलाच विचारायचं, "फाटला कसा?"

टायमर लावते म्हटलं, तर "कशाला उगाच वेळ? काढ पटकन."

परवा धाकटे दीर जुने अल्बम चाळत होते. म्हणाले, "वहिनी, तेव्हा तुम्ही कार्यक्रमांना येत नव्हता का?"