फुकटच्या नादी लागू नका

सांगलीत फ्लेक्सचं दुकान टाकताय? मग एक गोष्ट गाठीला बांधा: फुकटचं सॉफ्टवेअर कधी घेऊ नका. फुकट मिळतं त्याला काय किंमत? त्यापेक्षा चोरीचं घ्या. चोरीच्या मालाला निदान बाजारभाव तरी असतो.

फोटोशॉप 2013 पासून भाड्याने मिळतं, आणि सॉफ्टवेअरचं भाडं भरणं आपल्या घराण्यात नाही. म्हणून एक पोरगा गाठायचा. तो पेनड्राइव्ह घेऊन येतो, आधी अँटिव्हायरस बंद करतो ("ते उगाच बोंबलतंय, दादा"), मग बॅनर आखायचं चोरीचं कोरलड्रॉ टाकतो. जाताना बजावतो: नेट जोडायचं नाही, अपडेट मारायचं नाही, विंडोज बदलायचं नाही. एवढी पथ्यं तर सासूबाईंच्या शुगरलाही नाहीत.

कुणी इंकस्केपचं (कोरलड्रॉसारखंच, पण फुकटचं) नाव काढलं तर हसा. 2003 पासून जगभरातली माणसं ते बनवतात आणि वाटून टाकतात. ज्यांना स्वतःच्या कामाचे पैसे मागता येत नाहीत, त्यांना धंद्यातलं काय कळणार? फोटोशॉपसारखंच फुकटचं गिंप तर अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या दोन विद्यार्थ्यांनी सुरू केलं. कॉलेजच्या पोरांवर कोण विश्वास ठेवतो? (पेनड्राइव्हवाला बारावीत आहे, पण त्याची गोष्ट वेगळी.)

रंगाची तक्रार मात्र खरी आहे, ती जोरात मांडा. इंकस्केप मुळात आरजीबीत (पडद्यावरच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत) काम करतं. छपाईला सीएमवायके (शाईच्या चार रंगांचं गणित) लागतं, नाहीतर भाऊंचा भगवा कागदावर विटकरी उतरतो. त्यासाठी स्क्रायबस हे छपाईची पानं मांडायचं सॉफ्टवेअर आहे, तेही फुकट. पण हे गिऱ्हाइकाला सांगायची काय गरज?

लिब्रेऑफिस या फुकटच्या ऑफिस सॉफ्टवेअरपासून तर चार हात लांब राहा. त्यातल्या ड्रॉ या चित्रं काढायच्या भागात कोरलड्रॉच्या सीडीआर फायलीही बऱ्यापैकी उघडतात, म्हणजे जुनं काम अडकून राहत नाही, मग अडचण कशाची सांगणार? शिवाय ही मंडळी युनिकोड (कुठल्याही फोन-संगणकावर तशीच वाचता येणारी अक्षरं) वापरायला लावतात. एकदा मराठी युनिकोडात गेली की हळदीचा दलालसुद्धा फोनवर मजकूर लिहून पाठवतो, तो तसाच बॅनरवर चिकटतो. मग 'हार्दीक शूभेच्छा' लिहायला तुमची गरज काय?

आणि हो, बॅनरच्या कोपऱ्यात आपलं नाव आणि मोबाइल नंबर टाकायला विसरू नका. उद्या हरभट रोडवरच्या कुणी तुमचं डिझाइन उचललं, तर "आमच्या कष्टाला काही किंमत आहे का नाही?" म्हणून भांडायला जाता आलं पाहिजे.